दुकानात न मिळणारी गाडी

छंदांची विभागणी अनेक प्रकारे करता येते. मला त्यांतली एक साधी विभागणी नेहमी उपयोगी वाटत आली आहे. काही छंद जमवण्याचे असतात, काही करण्याचे असतात आणि काही नुसते पाहण्याचे असतात. टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरील चित्रे हे जमवण्याचे छंद. बागकाम, विणकाम, सुतारकाम हे करण्याचे. पक्षी, तारे, नदीवरचे ढग हे पाहण्याचे. रेल्वेच्या लहान प्रतिकृती तयार करून त्या टेबलावर चालवण्याचा छंद मात्र या तिन्ही कप्प्यांत थोडाथोडा बसतो. खरी रेल्वे आधी डोळे भरून पाहावी लागते, मग तिचे भाग जमवावे लागतात आणि शेवटी ती हातांनी उभी करावी लागते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तयार मालाने या तीन कप्प्यांचे आपसांतले प्रमाण बदलून टाकले आहे. त्या बदलाचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाचकहो, हा छंद आपल्याकडे विरळा आहे, म्हणून त्याचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगतो. खरी रेल्वे एका ठरावीक प्रमाणात लहान करायची. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. म्हणजे खऱ्या रेल्वेवरील ८७ मिलिमीटर प्रतिकृतीत १ मिलिमीटर होतात. साडेपाच फूट उंचीचा गार्ड या जगात जेमतेम १९ मिलिमीटरांचा, म्हणजे आपल्या करंगळीच्या एका पेराएवढा भरतो. शंभर मीटरांचा फलाट सव्वा मीटरांहूनही आखूड होतो. इंजिन, डबे, रूळ, सांधे, सिग्नल, पाण्याची टाकी, फलाटावरचे पिंपळाचे झाड, त्याखाली झोपलेले कुत्रे हे सारे याच प्रमाणात आले पाहिजे. एकच वस्तू प्रमाणाबाहेर गेली, तर बाकीचे जग खोटे दिसू लागते. या छंदातली शिस्त ती हीच.

नागपूरच्या माणसाला रेल्वेचे वेड लागले, तर त्यात नवल नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मुंबईहून येथवर पोहोचला. पुढे येथून पूर्वेकडे जाणारी नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर बांधण्यात आली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती आपल्याकडे घेतली आणि तिचे रूळ रुंद केले. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे रस्ते येथे एकमेकांना भेटतात. १९२५ साली खुली झालेली मुख्य स्थानकाची इमारत आजही वापरात आहे. परंतु माझ्या पिढीतील अनेकांच्या मनात ठसलेली रेल्वे या मोठ्या मार्गांवरची नाही. ती आहे इतवारीहून सुटणारी, अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी छोटी गाडी. सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी स्थानके घेत ती सातपुड्याचा चढ चढून छिंदवाड्याला पोहोचत असे. दुसऱ्या दिशेची तिची बहीण उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाई.

माझे मामा मोतीबागेत, याच छोट्या गाडीच्या कारखान्यात फिटर होते. सुटीत मी त्यांच्याकडे राहत असे आणि तेथेच या छंदाची मला ओळख झाली. त्या काळी आमच्यासारख्यांना विदेशी रेल्वेसंच पाहायलाही मिळत नसत. आयातीवर कडक बंधने होती. विलायतेला गेलेल्या एखाद्या आप्ताने आणलेला संच कोणाच्या तरी काचेच्या कपाटात असे आणि तो लांबूनच पाहावा लागे. त्यामुळे करून पाहणे हा आमच्यापुढचा एकच मार्ग होता. त्यात तत्त्वनिष्ठेचा भाग फारसा नव्हता. दुसरे काही मिळतच नव्हते, म्हणून आम्ही करीत होतो. जुन्या काळाविषयी लिहिताना ही गोष्ट आधीच नोंदवलेली बरी, नाहीतर नाइलाजाला सद्गुणाचे नाव मिळते.

आमचा माल घरातून, शेतातून आणि भंगाराच्या दुकानातून येई. डब्यांच्या भिंती वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या. छपरासाठी पावडरच्या डब्याचा पत्रा. रुळांखालचे स्लीपर म्हणजे काड्यापेटीतील काड्या, गूल मोडून सारख्या लांबीच्या कापलेल्या. रूळ पितळी पट्टीचे, त्यांना मामा स्वतः डाग देत. तुराट्या तासून तारेचे खांब होत आणि पऱ्हाटीच्या फांद्यांना वाळलेल्या दोडक्याची जाळी चिकटवली की पाने झडू लागलेले झाड उभे राही. रुळांमधील खडीसाठी कन्हानची वाळू पिठाच्या चाळणीने चाळली जाई. ती चाळणी परत स्वयंपाकघरात नेण्याचे काम अर्थातच माझ्याकडे असे आणि मामीचे बोलणेही मीच ऐकत असे. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधील मोटर इंजिनाच्या पोटात बसे. घड्याळजीकडून आणलेल्या दातेरी चक्रांनी तिचा वेग उतरवला जाई.

पण या सामानाहून महत्त्वाची होती ती मापे. मामांचा एक दंडक होता. ज्या डब्याची प्रतिकृती करायची, तो डबा आधी टेपने मोजायचा, कागदावर उतरवायचा आणि मगच कात्रीला हात लावायचा. "मोजल्याबिगर कापू नोको. गाडी तुया डोक्यातली नाही, रुळावरची पायजे," असे ते म्हणत. मला खिडक्या मोजायला लावीत. दोन खिडक्यांमधील अंतर सगळीकडे सारखे आहे का, दाराची मूठ कोणत्या बाजूला आहे, पायरी जमिनीपासून किती उंचीवर आहे, असे प्रश्न विचारीत. ज्या गाडीत मी दहा वेळा बसलो होतो, ती मी अकराव्या वेळी, हातात टेप घेतल्यावर पाहिली. करण्याच्या छंदाचे खरे फळ मला येथे दिसते. तयार झालेली वस्तू पुष्कळदा ओबडधोबडच असते. परंतु ती तयार होईपर्यंत करणाऱ्याची नजर तयार झालेली असते.

आता एक गैरसमज दूर करावयास हवा. पूर्वी सर्व काही हाताने होत असे आणि मग बाजाराने येऊन ते भ्रष्ट केले, असा या छंदाचा इतिहास नाही. त्याची सुरुवातच मुळी तयार खेळण्यांपासून झाली. जर्मनीतील मार्क्लिन या खेळणी-उत्पादकांनी १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली. आज एक डबा, उद्या एक सांधा असे विकत घेत आपली रेल्वे वाढवत नेण्याची कल्पना त्यातून रुजली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनोच्या पट्ट्यांचे पेटंट घेतले आणि १९२० पासून त्यांच्या नावाच्या आगगाड्या बाजारात आल्या. हे सारे पत्र्याचे, चावीचे, लहान मुलांसाठी केलेले खेळणे होते. त्यांतल्या काही मुलांचे मोठेपणी त्या खेळण्याने समाधान होईना. खऱ्या गाडीसारखी गाडी हवी, म्हणून त्यांनी पत्रा कापायला घेतला. म्हणजे हाताने करण्याचा छंद हा तयार मालाविषयीच्या असमाधानातून जन्मला.

१९३५ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे अशा हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे चाकांची आणि रुळांची मापे निश्चित करणे. एकाने केलेला डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालावा, हा त्यामागचा उद्देश होता. मापे ठरली आणि त्याच मापांवर कारखान्यांनाही माल काढणे सोपे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच आले. ते घरी जोडून, रंगवून गाडी पूर्ण करावी लागे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीसारख्या जुन्या कंपनीने आपले उत्पादन इंग्लंडमधील मार्गेटहून चीनला हलवले. तेथील कारखान्यांत बारीक हातकाम स्वस्तात होऊ लागले आणि खोक्यातून काढून थेट रुळांवर ठेवावी अशी, पूर्वी कुशल हौशी माणसालाच जमेल इतकी बारकाईची गाडी कोणालाही विकत मिळू लागली. आपल्याकडे २००१ साली उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठली. त्यानंतर ही खोकी नागपूरच्या घरांतही पोहोचू लागली.

या तयार मालाने काय दिले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पहिली देणगी अचूकपणाची. एक मिलिमीटर उंचीची अक्षरे माझ्या ब्रशने कधीच सुवाच्य झाली नसती. कारखान्यातील छपाई ती भिंगाखालीही वाचता येतील अशी करते. दुसरी देणगी चालण्याची. आमची इंजिने चालण्यापेक्षा थांबण्यात अधिक तरबेज होती. आजचे तयार इंजिन मुंगीच्या वेगानेही न अडखळता सरकते. पूर्वी गाडीचा वेग रुळांतील विजेच्या दाबावर अवलंबून असे. दाब वाढवला की त्या रुळांवरील सर्व इंजिने एकदम धावू लागत, म्हणून मार्गाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे बटण लावावे लागे. आता प्रत्येक इंजिनात एक चिप असते आणि रुळांतून आलेल्या संदेशांपैकी आपल्या क्रमांकाचा संदेश ती ओळखते. एकाच मार्गावर दोन गाड्या दोन वेगांनी चालवणे त्यामुळे शक्य झाले आहे.

तिसरी देणगी मला सर्वांत मोलाची वाटते. तयार मालाने या छंदाचे दार अनेकांसाठी उघडले. ज्याच्या घरी फिटर मामा नाही, ज्याला डाग देता येत नाही, ज्याचे दोन पाळ्यांमध्ये मोडून आलेले अंग कात्री धरण्याच्या अवस्थेत नसते, ज्याची बोटे वयाने थरथरतात, अशा माणसालाही आता रविवारच्या तासाभरात आपली गाडी धावताना पाहता येते. माझीही बोटे आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. चाकांची जोडणी मी आता तयारच विकत घेतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. कारागिरीचा अभिमान बाळगताना ती शिकण्याची संधी सर्वांना सारखी मिळाली नव्हती, हे विसरून चालत नाही.

मग गेले काय? पहिली गोष्ट गेली ती संभाषण. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे गेलेल्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो तो असा : हे कसे केले असेल? हौशी माणसे एकत्र आली की पूर्वी हाच प्रश्न फिरत असे आणि उत्तर देणारा आनंदाने तासभर बोले, कारण त्या उत्तरात त्याचे दिवस आणि रात्री असत. आता प्रश्न होतो : कुठून आणली, केवढ्याला पडली? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते. त्यापुढे सांगण्यासारखे आणि शिकण्यासारखे दोघांपाशीही फारसे उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तिच्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी पेन्सिल घेतली तरी चालेल. तयार मिळणाऱ्या एकास सत्त्याऐंशी प्रमाणाच्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर असते. तिला ८७ ने गुणा. उत्तर १४३५ मिलिमीटरांच्या जवळ येते. युरोप-अमेरिकेतील प्रमाण रेल्वेची रुंदी नेमकी तेवढीच आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी मात्र १६७६ मिलिमीटर. तिला ८७ ने भागले तर १९.२६ येतात. म्हणजे आपल्या राजधानीची किंवा विदर्भ एक्स्प्रेसची प्रतिकृती या तयार रुळांवर चढवली की तिच्या पायांखालची जमीन खऱ्या मापात पाऊण फुटाहून अधिक अरुंद होते. डबा भारतीय, चाल परकी. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातील छोटे उत्पादकही भारतीय इंजिनांच्या आणि डब्यांच्या सुंदर प्रतिकृती काढू लागले आहेत. परंतु रूळ आणि सांधे सर्वत्र मिळतात ते १६.५ चे, म्हणून त्या प्रतिकृतींनाही बहुधा त्याच मापाचे पाय द्यावे लागतात. यात त्या उत्पादकांचा दोष नाही. बाजाराचे माप एकदा ठरले की देशाच्या मापाला मुरड घालावी लागते.

असे केवळ आपल्याच वाट्याला आले आहे, असेही नाही. इंग्लंडमध्ये लहान बांध्याच्या इंजिनांत मोटर मावावी म्हणून प्रमाण थोडे मोठे, एकास सुमारे शहात्तर, घेण्यात आले. रूळ मात्र तेच १६.५ चे राहिले. हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर असावयास हवे होते. तेथील काही चोखंदळ हौशी माणसे आजही बाजारातील रूळ बाजूला ठेवून १८.८३ च्या मापाने एकेक स्लीपर बसवत आपला मार्ग स्वतः घालतात. बाकीचे तयार रुळांवर समाधानी असतात. दोघांचेही चालते, फक्त आपण कोणती तडजोड स्वीकारली आहे, हे ज्याला ठाऊक असते तो छंदाचा मालक असतो आणि ज्याला ठाऊक नसते तो केवळ ग्राहक असतो.

तिसरी गोष्ट मात्र तडजोडीने भागण्यासारखी नाही. ती नागपूरच्या छोट्या गाडीची आहे. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची आणि २०१९ च्या नोव्हेंबरात नागभीडची छोटी गाडी रुळ रुंद करण्यासाठी बंद झाली. त्या रुंदीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. शेतमालाला, विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना वेगवान गाडी हवीच होती. मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेले नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे जुनी इंजिने आणि डबे जवळून पाहता येतात. पण डबा म्हणजे गाडी नव्हे. लोधीखेड्याच्या फलाटावर ती कशी उभी राहत असे, सौंसरला टोपल्या कशा चढत, चढावर कोणत्या वळणावर इंजिनाचा आवाज बदलत असे, हा सारा संसार संग्रहालयाच्या आवारात मावत नाही. तो प्रतिकृतीत मावू शकतो. सुमारे दीडशे किलोमीटरांचा तो मार्ग आमच्या प्रमाणात पावणेदोन किलोमीटरांचा होईल. तेवढा कोणीच घालणार नाही, परंतु त्यातले एक स्थानक चार फुटांच्या फळीवर बसते.

आणि येथेच तयार मालाची मर्यादा स्पष्ट होते. जर्मन, स्विस, जपानी, अमेरिकन गाड्यांची खोकी हवी तेवढी मिळतात. आल्प्समधील नॅरोगेजही मिळते. कारखान्याला एका साच्याचा खर्च भरून काढायला हजारो गिऱ्हाइके लागतात. केळवद नि रामाकोना या नावांनी ज्यांचे काळीज हलते, अशी माणसे कोणत्याही कारखान्याच्या हिशेबात बसण्याइतकी नाहीत. जे विकले जाते त्याच्याच प्रतिकृती निघतात; मग ज्याच्या प्रतिकृती निघतात तेवढेच पुढच्या पिढीला रेल्वे म्हणून ओळखीचे राहते. तयार माल आपल्या आठवणींवर हल्ला करीत नाही. तो फक्त दुसऱ्यांच्या आठवणी सहज उपलब्ध करून देतो आणि आपल्या तेवढ्या मागे पडतात.

आमच्या शेजारी आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. वाढदिवसाला तिला जपानी बनावटीचा, एकास एकशेसाठ प्रमाणाचा तयार रेल्वेसंच मिळाला. दहा मिनिटांत तिने तो मांडला, तासभर गाडी गोल फिरवली आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारले, "काका, आजीची छिंदवाड्याची गाडी यांच्यात का नाही मिळत?" तिच्या आजीचे माहेर सौंसरचे. त्या मराठी बोलणाऱ्या मुलखातून नागपूरला येणाऱ्या कितीतरी सासुरवाशिणींची ती गाडी होती. मी तिला कारखान्यांचे अर्थशास्त्र सांगण्याऐवजी तिच्या संचातील रुळांवर पट्टी ठेवायला सांगितले. रुंदी भरली ९ मिलिमीटर. मग तिच्याकडून भागाकार करवून घेतला : ७६२ भागिले ८७. उत्तर आले ८.७६. पाव मिलिमीटरही फरक नाही! म्हणजे एका प्रमाणाची मोठी रेल्वे ज्या रुळांवर धावते, त्याच रुळांवर दुसऱ्या प्रमाणाची आपली छोटी रेल्वे जवळजवळ अचूक उभी राहते. जगभरचे नॅरोगेजचे हौशी लोक ही युक्ती पूर्वीपासून वापरत आले आहेत. परंतु तिच्या चेहऱ्यावर तो शोध तिचाच होता आणि मीही तो तसाच राहू दिला.

पुढचे सहा महिने आमचे काम चालले. चाके, मोटर आणि रूळ तयार संचातले. वरचे सर्व हाताचे. मोतीबागेच्या संग्रहालयात जाऊन तिने डबा पाहिला, जिथे टेप लावता आला तिथे लावला, जिथे नाही तिथे वितीने अंदाज घेतला. पुठ्ठ्याच्या भिंती तिने कापल्या. खिडक्यांच्या चौकटी तिच्या अभियांत्रिकीत शिकणाऱ्या भावाने संगणकावर रेखून त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर काढून आणल्या. ही छपाई हाताची म्हणावी की यंत्राची, यावर आमच्यात वाद झाला. माझे मत असे पडले की, माप ज्याने घेतले आणि आकृती ज्याने काढली त्याचाच तो हात आहे, मग तो कात्रीतून चालो की यंत्रातून.

आजी सुरुवातीला नुसती पाहत बसे. मग हळूहळू बोलू लागली. फलाट इतका उंच नव्हता, जमिनीलगतच होता. डोक्यावर टोपली घेऊन बाई एका पावलात वर जाई. बाकडी लाकडी होती. संत्र्यांच्या दिवसांत डब्याच्या दाराशी वास दाटलेला असे. वास तर प्रतिकृतीत आणता येत नाही; पण तिच्या आग्रहावरून दाराशी एक टोपली आली आणि टोपलीत शेंदरी रंगाने रंगवलेले मोहरीचे दाणे आले. फलाट आम्ही दोनदा तासून खाली आणला. त्या घरात आजीला तिच्या प्रवासाविषयी इतके प्रश्न त्यापूर्वी कोणी विचारले नव्हते. खोक्यातली गाडी गोल फिरत होती, तेव्हा विचारण्याचे कारणच नव्हते. पायरी किती उंच करायची हे ठरवायचे म्हटल्यावर मात्र आजीवाचून कोणाचेच पान हलेना.

तयार वस्तू आणि आपला हात यांचे हे नाते आपल्या परंपरेला अनोळखी नाही. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडची मुले लाकडी बैल घेऊन निघतात. तो बैल कोणत्याही घरात कोरला जात नसे. तो सुतारानेच केलेला, विकत किंवा बलुत्यात मिळालेला असे. परंतु त्याची झूल, बेगड, गळ्यातली माळ, शिंगांचा रंग हे सर्व घरी होई. त्यामुळे गल्लीतले दोन बैल सारखे दिसत नसत. दिवाळीतला किल्ला याच्या उलट वाटेने गेला. माती, विटा, गोणपाट यांतून तो उभा राही आणि मावळे तेवढे बाजारातून येत. आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा आख्खा किल्लाच बाजारात मिळतो. मातीत हात न घालता तो अंगणात ठेवता येतो. ज्याच्याकडे अंगणच उरले नाही, त्याला दोष कसा द्यावा? तरीही बैलाच्या उदाहरणात एक शहाणपण आहे. बाहेरून काय घ्यावे आणि घरात काय करावे, यांची वाटणी तिथे नीट झालेली होती.

मुक्त शिक्षण घेणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. नोकरी, घर, शेती सांभाळून तुम्ही रात्री पुस्तक उघडता. तयार उत्तरांची पुस्तके आणि टिपणे सहज हाती लागतात, आणि ज्याच्यापाशी दिवसाचा एकच तास आहे त्याने ती वापरली, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मीही तयार चाके वापरतो, हे वर सांगितलेच आहे. चाके तयार घ्यावीत. पण डबा आपला असावा. कवितेचा अर्थ टिपणात मिळेल, त्या कवितेतला शब्द तुमच्या गावात कोणत्या अर्थाने बोलला जातो, हे कोणत्याही टिपणात मिळणार नाही. ते तुमच्या आजीलाच विचारावे लागेल.

तुमच्या गावाजवळ एखादे लहान स्थानक असेल. काही ठिकाणी आता गाडीही येत नसेल, नुसता फलाट आणि नावाची पाटी उरली असेल. रेल्वे नसेल तर एसटीचा थांबा, पाणवठा किंवा जुनी शाळा असेल. एखाद्या सुटीच्या दिवशी तिथे वही घेऊन जा. जिथे वावर खुला आहे, तिथे पावलांनी लांबी मोजा, दारे-खिडक्या मोजा, छप्पर कशाचे आहे ते लिहा, पाटीवरचे नाव कोणकोणत्या लिप्यांत आहे ते उतरवून घ्या. मग जवळच्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा की, येथे पूर्वी काय होते जे आता नाही. प्रतिकृती करा किंवा करू नका. पण आकडे लिहून ठेवा. ते दुकानात मिळत नाहीत आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात.